हरकत

शेवटच्या पुस्तकात हरकती नाहीत.
अक्षरांच्या वरखाली दिलेले ते बारीक फटकारे,
ज्यांना धरून मी दहा महिने चालले,
जुवैनाबाईंनी काढून घेतले,
पोहायला शिकवणारा पोटाखालचा हात काढून घेतो तसे.
"आता स्वर तुमचे तुम्ही आणायचे."

मनात म्हटलं, हरकत नाही,
आणि एकटीच हसले.
का, ते निजव्याच्या त्या वर्गात
कुणाला सांगता येईना.

नेरेआ स्पेनहून आलेली.
तिलाही अरबी घरातच सापडत होती,
उशीत, साखरेत, तेलाच्या बाटलीवर.
मला सापडली तकरार. इथे तिचा अर्थ
तेच ते पुन्हा म्हणणं, भांडण नव्हे.
वसूल. विमानतळाच्या फलकावर असतं,
म्हणजे एवढंच, की पोहोचलात.
आणि गरीब, म्हणजे परका.
पैशाचा संबंध नाही.

हे परकारचाचांना सांगितलं
तेव्हा त्यांनी इस्त्री उभी केली.
"म्हणजे दोन्ही बरोबर," म्हणाले,
आणि पुन्हा कॉलरीकडे वळले.

चाचा हर्णैचे. किल्ल्यामागच्या गल्लीत लाँड्री,
सत्तावीस वर्षं.
अरबी अशी बोलतात, की शुक्रवारच्या बकरेबाजारात
म्हातारे त्यांना भाव तोडायला बोलावतात.
वाचता मात्र एक अक्षर येत नाही.
माझ्या ओढण्यांना पैसे घ्यायचे नाहीत.
पाच मिनिटं थांबून मराठीत बोलायचं, एवढाच दर.

उरले एकोणीस दिवस.
फलजच्या काठावर, पाय पाण्यात सोडून
क्रियापदं पाठ करते.
मासे टाचा कुरतडतात.
घरमालकीण शम्सा विचारते,
खजूर उतरेपर्यंत थांबशील ना?
मी माडीवरून खजुरीचे पिवळे घोस बघते
आणि व्हिसाची तारीख सांगते.
ती म्हणते, तारीख झाडाला कोण सांगणार.

उरले अकरा, तेव्हा
चाचांनी गल्ल्याखालून घडीचा कागद काढला.
जुना मालक वारला, मुलाने दुकान विकलं.
"सही मागतोय. वाच."

कागदावर हरकती नव्हत्या.
बोट ठेवून वाचत गेले:
सेवासमाप्ती. मूळ पगार.
मग एक शब्द, ह स ब त.
स्वर लावाल तसा वाचा:
मोजली गेली.
किंवा, मला वाटलं.

वर्षं मोजली गेली.
वर्षं, मला वाटलं...

"काय गो, अडलीस?"
"नाही. मोजलीयत."
"सगळी?"
पुढचा आकडा मी दोनदा वाचला.
"पंचवीस."

बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला,
दिशदाशा न्यायला आलेला.
चाचांनी ती हँगरसकट दिली, सुट्टे मोजून घेतले,
परत आले.
"पहिली दोन कच्ची होती. कागद नव्हता तेव्हा.
जाऊ दे. हरकत नाही."

"चाचा, हरकत आहे."

त्या रात्री परीक्षेची वही मागून उघडली.
माझं आयुष्यातलं पहिलं खरं अरबी पत्र
एका लाँड्रीच्या पगाराबद्दल.
पाच वेळा फाडलं.
सहाव्यांदा प्रत्येक अक्षरावर
लहान मुलांच्या पुस्तकात देतात तसे
सगळे फटकारे दिले,
एकही स्वर मोकळा सोडला नाही,
कुणाला दुसरं काही वाचायला जागाच नको.

जुवैनाबाईंनी तपासलं. एक चूक काढली.
म्हणाल्या, मोठी माणसं असं लिहीत नाहीत.
मग क्षणभर थांबून, "असंच दे."

परीक्षा झाली. नेरेआ रडली, मी नाही.
मस्कतच्या बसला अजून वेळ होता
म्हणून लाँड्रीपाशी गेले.
शटर अर्धं खाली. चाचा गेले होते
लेबर ऑफिसात, पत्र घेऊन,
शेजारच्या शिंप्याने सांगितलं.
माझी शेवटची ओढणी त्याच्याकडे ठेवलेली,
कडक इस्त्रीची, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

बसमध्ये ते वर्तमानपत्र वाचत बसले.
अर्धी बातमी फाटलेली होती.
उरलेल्या अर्धीत
मी कुठे अडले नाही.